इंग्रजीबाईंस, अमौसीहून

आदरणीय इंग्रजीबाई यांस,



पत्रास कारण की, आमच्या घरी पाहुणे येणार आहेत आणि तुमच्यावाचून त्यांच्याशी दोन शब्द बोलायची सोय नाही. आपली ओळख चाळीस वर्षांची. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही पत्र लिहिलं नाही, कारण लिहायचं तर तुमच्याच शब्दांत लिहावं लागेल, आणि त्यात स्पेलिंगच्या चुका निघतील, अशी धास्ती होती. पण तुम्ही आमच्या देशात इतकी वर्षं राहिलात, जाताना आमचे शब्दही घेऊन गेलात. मुंगूस तर मराठीतूनच नेलंत. तुमच्याकडे त्याचं 'माँगूस' झालं. तेव्हा तुम्हाला थोडंफार मराठी कळत असणार, या भरवशावर लिहिते आहे.

आधी खुशाली. मी लखनौला राहते, कानपूर रस्त्यावर, अमौसीत. इथल्या विमानतळाचं नाव २००८ साली चौधरी चरण सिंह यांच्या नावावर झालं, पण जुनी माणसं अजून अमौसीच म्हणतात. विमानं घरावरून इतकी खालून जातात की फोनवर बोलताना मध्ये थांबावं लागतं. आणि मोठी बातमी ही की आमच्या धाकट्याचं लग्न ठरलं. तो बंगळूरला नोकरी करतो. मुलगी कोइम्बतूरची, तमिळ. विहीणबाईंना हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. उरलात तुम्ही. दर रविवारी सकाळी आमचा फोन असतो आणि आम्हा दोघींच्या मध्ये तुम्ही एकट्या बसलेल्या असता.

एक अडचण पहिल्यांदाच सांगते. तुम्हाला 'तुम्ही' म्हणू की 'तू'? तुमच्याकडे हा प्रश्नच नाही, सगळ्यांना 'यू'. मी शाळेत असताना मला वाटायचं, ही बाई मास्तरांनाही 'तू' म्हणते आणि नोकरालाही 'तू'. पुष्कळ वर्षांनी मुलानं सांगितलं की उलट आहे. तुझ्या जुन्या बोलण्यात 'दाउ' म्हणजे तू होतं आणि 'यू' म्हणजे तुम्ही. पुढे 'दाउ' गळून गेलं आणि उरलं ते 'तुम्ही'. म्हणजे तुझ्यात लहान मुलाला, रिक्षावाल्याला, झाडूवालीला, सगळ्यांनाच 'तुम्ही'. हे ऐकलं तेव्हा मला लखनौ आठवलं. इथं घराघरात आई चार वर्षांच्या पोराला 'आप' म्हणते. त्या दिवसापासून माझ्या मनातली तुझ्याबद्दलची एक अढी गेली.

आणि बघ, लिहिता लिहिता मी 'तू'वर आलेही. आमच्यात आईला 'तू' म्हणतात, देवाला 'तू' म्हणतात. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये तुझ्यावर कविता केली, तिचं नाव 'इंग्रजी माउली'. माउलीला 'तुम्ही' कोण म्हणतं? ज्या बायकांना अक्षर शिकायचीच बंदी होती, त्यांच्या बाजूनं सावित्रीबाई तुला आई म्हणाल्या. तेव्हा माझी जी काही तक्रार आहे ती आईकडे केलेली तक्रार समज.

तक्रार अशी. मी विट्याकडची, खानापूर तालुक्यातली. आमच्या वेळी तू पाचवीत यायचीस. (महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. माझ्या पुतण्यांना तू सहाव्या वर्षी भेटलीस, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला होता.) पाचवीत चार रेघांची वही आली. पहिली लिपी, दुसरी, तिसरी, चौथी. एकाच अक्षराची चार तोंडं गिरवण्यात एक वर्ष गेलं. मग गो-वेंट-गॉन, कम-केम-कम अशी क्रियापदं पाढ्यांसारखी म्हणायची. 'नाइफ'मधला पहिला 'के' मी एकदा विसरले, त्याचे वळ दोन दिवस हातावर होते. आता कळतं की तो 'के' एकेकाळी तुझ्या माणसांच्या तोंडात होता, ते 'क्नाइफ'च्या जवळपास काहीतरी म्हणायचे. पुढे उच्चार गेला आणि लिहिण्यात तेवढा राहिला. एवढं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर तो 'के' मी आयुष्यात विसरले नसते. चुलत्यांकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिन्ही भाग. त्यातून मी राजांची आणि शेतकऱ्यांची वाक्यं सोडवली. पण पाचवी ते दहावी या सहा वर्षांत मला कुणी एकदाही तुझ्या शब्दांत विचारलं नाही की बाई, तुला तहान लागली का? दहावीला तुझ्यात मला एकतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत होते.

आमच्या बोलण्यात भाषा 'येते'. पोहायला येतं, स्वयंपाक येतो, तशी भाषा येते. 'तुला इंग्रजी येतं का?' असंच विचारतात. तुझ्यात तसं नाही. तिथं माणूस उठून म्हणतो, 'आय नो इंग्लिश', मी जाणतो. माझा पहिला अडखळा इथंच होता आणि तो कळायला मला पंचवीस वर्षं लागली. आमच्याकडे भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, राग येतो, आठवण येते. सगळं बाहेरून येऊन माणसाला गाठतं. म्हणून माझं प्रत्येक वाक्य 'मला'पासून निघतं. तुझ्यात माणूस स्वतःच भुकेला होतो, स्वतःच रागावलेला होतो, आणि वाक्य 'आय'पासून निघतं. मला बोलायचं असायचं 'मला दोन मुलगे आहेत', तोंडाशी यायचं 'टू मी', आणि पुढे वाट बंद. शब्द नव्हते म्हणून मी गप्प बसायचे असं नाही गं. कुठल्या दारानं आत शिरायचं ते कळत नव्हतं.

१९९३ साली लग्न होऊन लखनौला आले, तेव्हा चौकातल्या सराफ्यामागच्या गल्लीत राहायचो. आमच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं माणसं गावाबाहेर काढली आणि ती सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन भारतभर पसरली, त्यांतलेच आम्ही एक गलाईवाले. मालक दिवसभर भट्टीपाशी आणि मी वरच्या खोलीत. हिंदीही मला धड येत नव्हतं. पण ते आलं. वही नाही, छडी नाही. भाजीवालीकडून आलं, नळावर आलं, शेजारच्या खालांच्या स्वयंपाकघरात कबाबाचं वाटण वाटताना आलं. वर्षभरात मी 'तशरीफ रखिए' म्हणायला लागले. मग तूच का येत नव्हतीस?

खरं तर तू घरात आधीपासून होतीस, मीच तुला ओळखत नव्हते. दुकानात दिवसातून पन्नासदा 'कॅरेट' म्हणायचे, आणि २०२१ च्या जूनमध्ये सोन्याच्या दागिन्यांना छापाची सक्ती सुरू झाली तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी 'हॉलमार्क'. हॉलमार्क म्हणजे हॉलची खूण. लंडनच्या सोनारांच्या मंडळींचा गोल्डस्मिथ्स हॉल आहे, तिथं नेऊन दागिन्यावर छाप मारून घ्यायचा, तो हा हॉलमार्क. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हातातला चिमटा खाली ठेवून म्हणाला, म्हणजे आपल्याच धंद्याचा शब्द! त्या दिवशी तुझा एक शब्द आमच्या घरचा झाला.

लखनौनंही तुला असंच पचवलंय. १८५७ च्या लढाईतली रेसिडेन्सी आहे ना, तिला इथले जुने लोक 'बेलीगारद' म्हणतात. तिथं बेली गार्ड नावाचा दरवाजा आहे, त्याचं हे रूप. हजरतगंजात संध्याकाळी फिरायला जाणं म्हणजे 'गंजिंग'. गंज आमचं, शेपूट तुझं. आणि पहारेकरी अंधारात 'हू कम्स देअर' ओरडायचा, त्याचं हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी 'हुकुमदर' झालं. कोण येतंय तिकडे, असा तो प्रश्न. माझ्या बाबतीत तू बरीच वर्षं तो पहारेकरीच होतीस. मी दाराशी आले की तू हाच प्रश्न विचारायचीस आणि मी परत फिरायचे.

एका आठवणीचा काटा अजून आहे, तो काढून टाकते. आईचं दुखणं वाढल्याचा फोन आला आणि मी एकटी विमानानं पुण्याला निघाले. तोवर सगळे प्रवास रेल्वेनं झालेले, पुष्पक एक्सप्रेसनं मुंबई आणि पुढे गाव. काउंटरवरच्या मुलीनं भरभर काहीतरी विचारलं. मला जागेविषयी आहे एवढं कळलं आणि मी म्हणाले, 'गिव्ह मी विंडो.' मुलीचा चेहरा आक्रसला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला वाटलं शब्द चुकला. शब्द चुकला नव्हता. 'खिडकीजवळची द्या' म्हणताना आमचा सगळा मान त्या 'द्या'मध्ये असतो. 'दे' नाही, 'द्या'. वेगळं 'कृपया' म्हणायची आम्हाला गरजच पडत नाही. मराठीत कृपया पाटीवर असतं, तोंडात नसतं. मी 'द्या' म्हटलं आणि तुझ्यात जाता जाता त्यातला मान गळून पडला, पलीकडे पोचलं ते नुसतं 'दे'. तुझा मान क्रियापदात नसतो, तो 'कुड यू', 'वुड यू', 'प्लीज' असा वेगळा आणून पुढे ठेवावा लागतो. हे पाचवीच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं, नाइफच्या 'के'च्या आधी. आमच्याकडची किती माणसं यामुळे उद्धट ठरली असतील! मनात पूर्ण अदब ठेवून बोलणारी माणसं. खिडकी मला मिळाली, पण पुण्यापर्यंत मी बाहेर पाहिलं नाही.

'थँक यू'चंही तसंच. तू दिवसातून वीसदा आभार मानतेस. आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं. शेजारणीनं वाटीभर डाळ दिली तर आभार मानायचे नाहीत, वाटी रिकामी परत करायची नाही, एवढंच. मी तुझं 'थँक यू' शिकले आहे आणि मनापासून म्हणते. पण माझी विनंती आहे, मी एखाद्या वेळी म्हटलं नाही तर माझी वाटी बघ.

२०१२ साली गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' आला. श्रीदेवीनं केलेली शशी गोडबोले, पुण्याची, लाडू करणारी, न्यूयॉर्कला जाऊन चार आठवड्यांच्या क्लासला बसते. थिएटरात मी पदर डोळ्यांना लावून बसले होते. कॉफीच्या दुकानात ती इंग्रजीपायी अडखळते, त्या प्रसंगाला तर मला घाम फुटला. फक्त एक मनात आलं की घरातल्या बाईला सलग चार आठवडे मिळतात कुठं?

मला क्लास मिळाला तो गच्चीवर. शेजारची सून विमानतळावर साफसफाईच्या कामाला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथं नवं टर्मिनल झालं, त्यानंतर ती लागली. तिला कामावर चार-पाच वाक्यं बोलावीच लागतात. संध्याकाळी वाळवण उचलायला आम्ही दोघी वर असतो, तेव्हा ती म्हणते आणि मी तिच्यामागून म्हणते. 'एक्सक्यूज मी मॅम, द फ्लोअर इज वेट.' मी शाळेच्या सवयीनं तिला विचारलं, यात 'इज' म्हणजे काय? ती म्हणाली, 'अम्मा, इज-विज हमका नाहीं पता. पूरा बोलो, पूरा.' पूर्ण बोला! तिथं माझं कुलूप उघडलं. मी आयुष्यभर तुझं वाक्य सुटं करून, एकेक शब्द पाखडून, पुन्हा जोडायला बसायचे. ही पोरगी अख्खं वाक्य तोंडात टाकते आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासमोर ठेवते. 'कुड यू प्लीज' हा तिच्यालेखी एकच शब्द आहे. आता माझ्यालेखीही आहे. मेट्रोत बसले की पुढच्या ठेसनाची सूचना आधी हिंदीत होते, मग तुझ्यात. चारबागला जाऊन येईपर्यंत मी ती पुटपुटत असते. औषधाच्या बाटलीवरचं 'शेक वेल बिफोर यूज' मला तसंच अख्खं पाठ झालं. माझ्या वहीत आता शब्द नाहीत, वाक्यंच आहेत.

आणि मग विहीणबाई. त्यांचंही तुझ्याशी फार सख्य नाही. त्याही थांबून, शोधून बोलतात. पहिल्या फोनला मी 'हाऊ आर यू' घोकून बसले होते. त्यांनी फोन उचलताच विचारलं, 'हॅव यू टेकन फूड?' जेवलात का? तमिळमध्येही भेटल्यावर आधी हेच विचारतात म्हणे. मी 'हाऊ आर यू' विसरले. त्यांना सगळं सांगितलं, भाकरी, वांग्याची भाजी, आणि वांग्याला तुझ्यात काय म्हणतात ते आठवेना म्हणून त्यांनी 'पर्पल?' विचारलं आणि मी 'यस, पर्पल' म्हणाले. दोघींना कळलं.

पुढच्या रविवारी फोन ठेवताना मी म्हणाले, 'ओके, आय ॲम कमिंग.' पलीकडे एकदम शांतता. मग घाबरलेला आवाज आला, 'टुडे? व्हॉट हॅपन्ड?' तुला कळलं असेल काय झालं ते. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ. दारातून पाऊल बाहेर टाकताना 'येते' म्हणायचं. लहानपणी चुकून 'जाते' निघालं की आई आतून ओरडायची, 'येते म्हण!' त्या दुखण्यात आईपाशी आठ दिवस राहून मी परत निघाले, तेव्हाही तिच्या कपाळावर हात ठेवून 'येते' म्हणाले होते. पुन्हा जायच्या आत ती गेली. तो शब्द मला टाकून देता येत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

मुलानं त्या दिवशी सासूबाईंना समजावून सांगितलं असणार. कारण नंतरच्या रविवारी फोन ठेवायच्या वेळी विहीणबाई म्हणाल्या, 'वुई ऑल्सो. पोयिट्टु वरेन. गो अँड कम.' जाऊन येते. त्यांच्यातही नुसतं 'जाते' म्हणायचं नसतं! तेव्हापासून आम्ही दोघी फोन 'गो अँड कम' म्हणूनच ठेवतो. शाळेच्या वहीत यावर लाल फुली पडेल, हे मला माहीत आहे. पण एक मराठी बाई आणि एक तमिळ बाई तुझ्यात बसून एकमेकींना 'येते' म्हणतात, यात तुझं काय उणं होतं? 'व्हॉट इज युअर गुड नेम'लाही तुझे लोक हसतात. ते आमचं 'शुभ नाम' आहे. इथं कुणाचं नाव नुसतं विचारत नाहीत. तू आमच्याकडून मुंगूस नेलंस, पायजमा नेलास. त्यांच्या जोडीला हेही ठेवून घे.

आता मागणं. गावाकडे माझ्या चुलतदिराची नातवंडं तुझ्याच शाळेत जातात. त्यांना 'एकोणसत्तर' कळत नाही, 'सिक्स्टी नाइन' सांगावं लागतं. आजी गोष्ट सांगायला बसली की अर्ध्या शब्दांना ती तोंडाकडे बघत राहतात. आजीनं आता गोष्टी सांगणं सोडलं. हे मला बघवत नाही. तू ये, आमच्या पोरांना तू हवीस, मलाही हवीस. पण घरच्या माणसाला उठवून त्याच्या पाटावर बसू नकोस. तुझा पाट मी वेगळा मांडते, रांगोळीसकट.

आणि माझ्यासाठी म्हणशील तर थोडंच हवंय. व्याकरण राहू दे. मला स्वयंपाकघरातली वाक्यं दे. पाहुण्यांना ताट वाढल्यावर 'सावकाश होऊ द्या' म्हणतात, ते तुझ्यात कसं म्हणायचं? 'ईट स्लोली' म्हटलं तर त्या भराभरा जेवतात असं मी म्हटल्यासारखं होईल. 'संकोच करू नका'ला मुलगा 'फील ॲट होम' सांगतो, ते मला आवडलं, घर आहे त्यात. लेकीला परमुलखात देताना आईच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे, मीही तशीच आले. 'तुमची मुलगी ती माझी मुलगी' एवढं एक वाक्य मला नीट, न अडखळता म्हणायचं आहे. 'युअर डॉटर, माय डॉटर' असं मी गच्चीवर म्हणून पाहते. शेजारची सून म्हणते, पुरे आहे. तुला पुरे वाटतं का, ते कळव.

येत्या महिन्यात त्यांचं विमान इथंच उतरेल. मी दाराशी उभी असेन. त्यांच्याबरोबर तूही ये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी,
अमौसीची एक गलाईवालीण

ता. क. — भात वाढताना 'मोअर राइस?' विचारतात, हे शिकले. त्यावर पाहुण्यानं 'नो, थँक यू' म्हटलं की तुझ्यात तिथंच थांबतात म्हणे. आमच्यात 'घ्या' म्हणतात आणि मग 'घ्याच' म्हणतात. हा 'च' तू कुठं ठेवतेस, तेवढं उलट टपाली कळव. भात गरम असेपर्यंत कळलं तर बरं.